कापलेली तारीख

मित्रांनो, मी रानातल्या प्राण्यांचे फोटो काढणारा एक जुना कॅमेरा आहे. गोड गोष्ट ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. मी संतापलेलो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला एकच काम ठाऊक होतं. समोर काही हललं की फोटो काढायचा आणि खालच्या काळ्या पट्टीत तारीख छापायची. दहा वर्षं तेच केलं. माकडांनी माझा पट्टा कुरतडला, पण माझी एक तारीख चुकली नाही. म्हणूनच प्राण्यांचे अभ्यासक सोमेश्वर साहेब यांनी मला चकलांब्याच्या माळावर आणलं. तिथे कोळसा आहे का ते पाहायला एक कंपनी जमिनीत खोल भोकं पाडणार होती. त्यानं प्राण्यांचं काय होतं, त्याचा अहवाल साहेबांनी कंपनीसाठी लिहायचा होता.

त्यांनी मला बाभळीला बांधलं. समोर दगडी डोणी होती. मालनबाई शेळ्या चारायला येत, तेव्हा रोज तीत दोन हंडे पाणी ओतत. शेळ्या पिऊन उरलेलं पाणी रानातल्यांचं, असा त्यांच्या सासूपासूनचा नेम. पहिल्या आठ दिवसांत ससा आला, खोकड आलं, आणि एका सकाळी काळविटाची मादी पाडसाला घेऊन आली. "वा रे पठ्ठ्या!" साहेब म्हणाले. मी फुगलो. मूर्ख होतो मी.

नवव्या दिवशी भोकं पाडायचं यंत्र आलं. गाडीला वाट हवी म्हणून जेसीबीनं डोणी फोडली, आणि नेमका त्याच जागी यंत्राच्या गढूळ पाण्यासाठी खड्डा खणला. दिवसभर नुसती धडधड. माळावर चिटपाखरू फिरकेना. पुढे एका दुपारी यंत्र बंद पडलं, तेव्हा तहानलेली मादी आपल्या जुन्या जागी आली. पाडस पुढे धावलं आणि चिखलात रुतलं. मी एकशे बारा फोटो काढले. मला हात नाहीत, मित्रांनो. मालनबाई धावत आल्या, पण उशीर झाला होता.

"जनावर जागा वळखतं, साहेब!" मागून आलेल्या साहेबांवर त्या रडत ओरडल्या. "डोनीच्या जागी खड्डा कावून केला तुमी?"

साहेबांनी मला बाभळीवरून सोडलं आणि पिशवीत टाकलं.

महिन्यानं ग्रामसभा भरली. कंपनीच्या पुढच्या कामाला परवानगी देणारा ठराव व्हायचा होता. साहेबांनी मला मिरवायला टेबलावर ठेवलं आणि अहवाल वाटला. वर मीच काढलेला फोटो होता. डोणी, मादी, पाडस. खाली लिहिलं होतं, 'काम सुरू असताना निर्धास्त वावरणारे प्राणी.' माझी काळी पट्टी कापून टाकली होती! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

मालनबाईंनी फोटो निरखून पाहिला. "ही डोनी तर मशीन आली त्याच दिशी फोडली. मंग हरनी हिच्यातलं पानी पिती कशी?"

"मावशी, फोटो कधी खोटं बोलत नसतो," साहेब म्हणाले.

"फोटू न्हाई बोलत. कापनारा बोलतो."

सरपंच सुंदरराव उठले. "कॅमेरा हितंच ऱ्हाऊ द्या, साहेब. आतले समदे फोटू बगितल्याबिगर ठराव न्हाई."

तेव्हापासून मी पंचायतीच्या कपाटात आहे. किल्ली ग्रामसेवकांकडे, आणि ग्रामसेवक कधी गेवराईला, कधी रजेवर. माझे सेल पाझरू लागलेत. ते पाणी फोटो साठवलेल्या कार्डापर्यंत पोचलं, की सगळं संपलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, माझं कौतुकही नको. फक्त ते कपाट उघडायला लावा. पाडसाला मी वाचवू शकलो नाही. ते कोणत्या दिवशी मेलं, एवढंच माझ्यापाशी उरलंय.