बिनवजनाची गोधडी

पौषातली शुभ्र, शीतल, निःशब्द सकाळ. तापीकाठची काळी शिवारं कापसाने फुललेली. बोंडांत कापूस, ओट्यांवर कापूस, रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांत अडकलेला कापूस. साऱ्या आसमंतावर जणू मंद धवल श्वास पसरलेला. आणि एवढ्या कापसाच्या गावात एक म्हातारी थंडीने कुडकुडत होती. तिच्या अंगावर घालायला काही सापडत नव्हतं.

वेणूमाय तिचं नाव. आजाराने देह पार झिजलेला, कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. पांघरूण घातलं की हाडं ठणकत. काढलं की ओठ निळे पडत. "भागी, वजन होतंय गं," म्हणायची, आणि क्षणभराने, "भागी, थंडी वाजतेय." दिवसभर तिचं हेच चाललेलं असायचं.

भागी म्हणजे भागीरथी, तिची लेक. गोधडी शिवावी तर हिनेच, असं पंचक्रोशी म्हणते. नव्या नवरीची गोधडी हिची, बाळंतिणीची हिची, तान्ह्याचं दुपटं हिचं. अख्ख्या गावाला ऊब पुरवणारे हे हात, आणि जन्मदात्रीसाठी एक पांघरूण होईना. आता या दैवाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

जिवाचं रान केलं हो तिने. आधी घरची रीत: जुन्या लुगड्यांचे थर, वापरून वापरून सायीसारखे मऊ झालेले. ऊब होती, माया होती, पण भार सोसवेना. मग घरच्या शेतातला नवा कापूस पिंजून आणला. पातळ पसरला तर विरून कोपऱ्यात गोळा होई, जाड पसरला तर पुन्हा जडच. मग तालुक्याच्या दुकानातली पॉलिस्टरची शीट, हलकी आणि गुळगुळीत. माय म्हणाली, "अंगाला चिकटतंय. काढ ते."

शेवटी पिंजारी कादरभाईंनी माळ्यावरचं एक पोतं खाली काढलं. आत सावरीचा कापूस, रेशमी, तलम, फुंकरीने उडणारा.

"हा ने, भागीरथीबाई. याच्याहून हलकं काही नाही," ते म्हणाले. "फक्त टाके लांब लांब घाल. सावर दाबलीस तर संपली."

भागीने मान डोलावली. ऐकलंही होतं, पटलंही होतं.

ती अंगणात उन्हात बसली. धुतलेलं पांढरं पातळ, त्यावर सावरीचा हळुवार, हिमधवल थर, वर पुन्हा पातळ. सुई चालू लागली. आणि तिथेच घात झाला.

कारण तो हात वेणूमायने घडवलेला. लहानपणी टाका जरा लांब पडला, की माय अख्खी ओळ उसवायची. "विरळ टाका आळशी बाईचा," म्हणायची, आणि लेक पुन्हा सुई धरायची. तांदळाच्या कणीएवढा टाका, त्याला लागून दुसरा. त्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. शिवाय ही गोधडी कुणा परक्याची नव्हती, मायची होती. मायच्या गोधडीला विरळ टाके घालायचे कसे? दोन ओळी तिने लांब टाक्यांच्या घातल्या, पाहिल्या, आणि तिला लाज वाटली. तिने त्या उसवल्या. मग धावदोरा असा दाट, असा देखणा उमटत गेला, की पाहणाऱ्याने पाहत राहावं.

उन्हं कलली तेव्हा गोधडी पुरी झाली. उचलून पाहते तो काय, सावर पापडासारखी चपटी झालेली. फुललेपण गेलं, आतली हवा गेली, ऊब गेली. उरली होती फक्त कारागिरी.

तरी तिने ती मायला घातली. वेडी आशा, दुसरं काय.

"हलकी आहे गं," वेणूमाय म्हणाली. भागीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ते शरीर थरथरू लागलं.

भागी रडली नाही. तिने कात्री घेतली, कडेचा दोरा कापला, टाके उसवायला घेतले. पण दाबली गेलेली सावर काही केल्या फुगेना. मायचा कृश, कंपित हात गोधडीवरून फिरला, बोटांच्या टोकांनी एकेक ओळ चाचपत गेला.

"उसवू नको," ती म्हणाली. "टाका चांगला पडलाय. माझ्याहून चांगला."

जन्मभर भागीला हेच ऐकायचं होतं. आत्ता ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेलागणीचं गार वारं उंबऱ्यातून आत आलं. मायचे दात वाजू लागले. भागी उठली. तिने लुगड्यांची जड गोधडी घेतली, खाटेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून मायवर वाकली, आणि गोधडी पाठीवर ओढून, दोन्ही हातांनी कडा ताणून, अंगाला न टेकवता तिच्यावर धरली. वर गोधडी, मध्ये लेक, खाली माय. हळूहळू त्या इवल्याशा काळोखात ऊब साठली. दातांचा आवाज थांबला. कपाळावरची आठी सैलावली.

"आता बरं वाटतंय," वेणूमाय म्हणाली. "अशीच राहू दे."

"हो, माय," भागी म्हणाली.

बाहेर पांढरी शिवारं मावळत गेली, सावळत गेली, विझत गेली. माय झोपली होती. भागीचे हात थरथरत होते, आणि गोधडी, केसाकेसाने, खाली येत होती.