दुसरं चाक उद्या

भांडगावात बाळासोच्या ट्रॅक्टरला भूत लागलंय, हे ऐकून ज्ञानदेव मिस्त्री आधी हसलाच होता. मिस्त्री म्हणजे हात लावून दुखणं सांगणारा माणूस. मडगार्डवर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि बेरिंग गेलंय की पिस्टन, ते सांगून मोकळा. भुताखेतांवर विश्वास असता तर हा धंदा कशाला केला असता? ज्या गोष्टीला नट नाही ती गोष्टच नाही, असं त्याचं सरळ गणित होतं.

पण बोलावणं आलं ते धुरपदाचं, बाळासोच्या बायकोचं. पाच महिन्यांपूर्वी कालव्याच्या भरावावर ट्रॅक्टर उलटला आणि बाळासो खाली सापडून गेला. लोकांनी ते धूड सरळ करून घरी आणून लावलं. आता ही बाई स्वतःच ते चालवत होती, आणि उद्यापासून कालव्यापलीकडं नांगरट काढायची म्हणत होती.

“इंजिनाचं काय न्हाई, मिस्त्री,” ती म्हणाली. “मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरात घातला की डाव्या अंगाला उड्या मारतो. मडगार्ड थडथडतं. मला शिकवायचे तवा ते तिथंच बसायचे. लोक म्हणत्यात, इकून टाक. मला भ्या न्हाई वाटत. फकस्त सांगा, ते हायेत का त्यात? असतील तर हात लावू नका.”

तिच्या तोंडावर भीती नव्हती, आस होती. ज्ञानदेवला कसंतरीच झालं.

तो डाव्या मडगार्डवर बसला, नेमका बाळासोच्या जागी, आणि तिला म्हणाला, चालवा. पहिल्या, दुसऱ्या गिअरात काही नाही. तिसऱ्यात वेग आला आणि खालून कुणीतरी ढोसायला लागलं. एक, दोन. एक, दोन. अगदी ठेका धरून. वेग कमी केला की गप्प, वाढवला की पुन्हा सुरू. मिस्त्रीनं तळवा टेकवून डोळे मिटले. भूत असतं तर बरं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

घराशी आल्यावर त्यानं पान्यानं उजव्या चाकावर ठोकलं. बद्द आवाज आला. डाव्यावर ठोकलं, तर पान्याला ते पोकळ लागलं.

मागच्या चैत्रातली गोष्ट. नांगर ओढताना चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून मागच्या चाकांत वजनाला पाणी भरतात. ज्ञानदेवनं बाळासोच्या ट्रॅक्टरचं उजवं चाक भरलं आणि लाईट गेली, पाण्याची मोटार बंद पडली. ज्ञानदेवच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. “दुसरं चाक उद्या,” म्हणून जो निघाला तो विसरलाच. एक चाक जड, एक हलकं. वावरात ते कळत नाही. वेगात मात्र हलकं चाक उडायला लागतं, आणि भरावावर उडालं तर ट्रॅक्टर कुठं जातो ते बाळासोला विचारायची सोय राहिली नव्हती.

गप्प बसणं सोपं होतं. पाणी गुपचूप सोडायचं, भूत उतरलं म्हणून नारळ फोडायचा, झालं. ज्ञानदेवनं तो विचारही केला. मग खाली बसून उजव्या चाकाचा व्हॉल्व्ह काढला. कुजकट वासाचं पाणी भसकन बाहेर आलं.

“वैनी, ते न्हाईत ह्यात. ही माझी चूक हाय. दुसऱ्या चाकात पाणी भरायचं ऱ्हाऊन गेलं माझं. त्यापायीच उलटला त्यो.”

धुरपदा त्या पाण्याकडं बघत राहिली. आता शिव्या देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर सुटला असता.

“मला म्हनले व्हते ते,” ती सावकाश म्हणाली. “एक चाक ऱ्हायलंय म्हणून. मी म्हनलं, बोलवा की मिस्त्रीला. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, पोरीचं लगीन काढलंय त्यानं, लाजंल बिचारा. सवडीनं यील.”

पाणी संपून दोन्ही चाकं सारखी हलकी झाल्यावर तिनं ट्रॅक्टर तिसऱ्या गिअरात रस्त्यानं फिरवून आणला. मडगार्ड मुकं झालं होतं. खाली उतरून तिनं त्यावरून हात फिरवला, आणि मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात एक ट्रॅक्टर आला. ज्ञानदेवनं सवयीनं मडगार्डवर तळवा टेकवला, डोळे मिटले.

“काय गेलंय, मिस्त्री?” गिऱ्हाइकानं विचारलं.

त्याला सांगता येईना. इंजिन अजून चालूच केलं नव्हतं, आणि तळव्याखाली थडथडत होतं. एक, दोन. एक, दोन.