पूर्वेच्या गाडीचा मान

हुकुमाचा कागद घेऊन स्टेशनची तारवाली ओडील फलाटावर धावली, तेव्हा मालगाडी वळणाआड गेली होती. मागे धूर तेवढा उरला होता.

"थांबा!" ती ओरडली. बर्फाच्या वाऱ्यात तो आवाज तिलाच धड ऐकू आला नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलातल्या या एकेरी रुळावर पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीचा मान मोठा. टार्बेल ईस्टर्न कंपनीचा नियमच तसा. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीने बाजूच्या रुळावर मुकाट उभं राहायचं. आज समोरून पूर्वेकडे जाणारी जादा पॅसेंजर येत होती, म्हणून मालगाडीला इथेच रोखायचा हुकूम तारेने आला होता. आधी सिग्नल लाल करायचा, मग 'लाल केला' असं कळवायचं. ओडील नेहमीसारखी आधी कळवून मोकळी झाली. तेवढ्यात शेगडीतून निखारा जमिनीवर पडला आणि तो उचलण्यात मालगाडी निघून गेली.

तिने पुढच्या स्टेशनला तार ठोकली. पॅसेंजर तिथून केव्हाच सुटली होती. पॅसेंजरमध्ये शंभर तरी माणसं असतील, बायका असतील, लेकरं असतील.

मग शिट्टी ऐकू आली. मालगाडी उलटी येत होती. ओडीलने हुकुमाचा कागद हलवून दाखवताच ती बाजूच्या रुळावर शिरली, आणि थोड्याच वेळात पॅसेंजर धडधडत निघून गेली. ओडीलला रडूच फुटलं.

मालगाडीचा गार्ड लेम्युएल दारात उभा राहिला.

"जिवंत आहेस ना? बारा वर्षं गाडी जाताना चाकं नीट आहेत का ते बघायला तू फलाटावर असतेस. आज दिसली नाहीस. म्हटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय. थांबवली गाडी."

तारेचं यंत्र कडकडलं. तिची मघाची तार ऐकून मुख्य ऑफिस विचारत होतं, सिग्नल लाल होता का?

"हो म्हण," लेम्युएल म्हणाला. "आमच्याच नजरेतून सुटला, असं सांगतो मी. नाहीतर नोकरी जाईल तुझी."

"मग तुमची जाईल."

तिने डोळे पुसले आणि ठोकलं : लाल नव्हता. लाल करण्याआधीच कळवलं. चूक माझी.

"अगं, सगळी लाइन ऐकतेय!"

"ऐकू दे."

एकाच तारेवर बावीस स्टेशनं होती. लेम्युएलने टोपी काढली, पुन्हा घातली.

मग पुढच्या स्टेशनचा म्हातारा तारवाला तारेवर बोलला : मीही आधीच कळवतो.

त्याच्या पलीकडचं स्टेशन : मीही.

तिसरं बराच वेळ अडखळलं. मग तेही बोललं.