लाखेचे सील लावलेला उडदार

मी एक जुना उडदार आहे, मित्रांनो. तुमच्याकडे मला करदोटा म्हणतात. गदगकडच्या एका जत्रेत पटवेगाराने काळे सूत पिळून मला घडवले. निंगव्वाने मला पारखून घेतले आणि नवऱ्याच्या, फकीरप्पाच्या कमरेला बांधले. तो मिरचीच्या बाजारात हमाल होता. अकरा वर्षे मी त्याच्या घामात आणि मिरचीच्या खकाण्यात मुरलो. आमच्याकडे पुरुषाचा उडदार बायको मेल्यावरच तोडतात. गाठ सैल झाली, की निंगव्वा ती आवळून म्हणायची, "मी हाय तवर ह्यो हलायचा न्हाई."

एकदा बाजारातून चार पोती मिरची गेली. चोर सापडेना, म्हणून पोलिसांनी हमाल धरला. निंगव्वा मागोमाग ठाण्यात आली. हवालदार हळ्ळूरने पाते काढले, तशी ती ओरडली, "ओ साहेब, मी जित्ती हाय अजून! उडदार कशाला तोडताय?"

"नियम हाय अव्वा. कोठडीत गळ्याला लावून घेतला म्हंजे? हितं आला, की त्याच्या जिवाची जबाबदारी आमची."

ते ऐकून मला बरे वाटले. मी किती भोळा! हळ्ळूरने मला पाकिटात घातले, लाखेचे सील लावले, तारीख-वेळ लिहून सही केली. मग खणाला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून तो बहिणीच्या लग्नाला गेला.

खणात मला सगळे ऐकू येत होते. फौजदाराचा पट्टा वाजत होता. फकीरप्पा आधी देवाचे नाव घेत होता, मग निंगव्वाचे, मग नुसते पाणी मागत होता. मारता मारता त्या लोकांनी मिरची-भजी मागवली. "ह्याच्याच मिरचीची हायत बघ," म्हणून हसले आणि चवीने खाल्ली. शी! आठवले तरी किळस येते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे पाणी मागणे थांबले.

चौकशीला न्यायाधीश बाई आल्या. "काय सांगू बाईसाहेब, सोताच्याच उडदारानं फास घेतला बघा," म्हणत फौजदाराने एक उडदार टेबलावर ठेवला. तो बाजारातून आणलेला होता. लाज कोळून प्यायलेला माणूस!

निंगव्वाने तो नाकाशी नेला. "ह्याला मिरचीचा वास कुठाय? त्यांचा माझ्यादेखत तोडला. त्या खणात हाय."

"किल्ली न्हाई," फौजदार पुटपुटला.

"मग कुलूप फोडा," बाई म्हणाल्या.

पाकीट निघाले. सील जसेच्या तसे होते. फौजदाराच्या तोंडचे पाणी पळाले.

आता मी कोर्टाच्या कपाटात असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी तसे म्हणणार नाही. पोलिसांनी माझी निगा उत्तम राखली. पाकीट, लाख, सही, कुलूप, सगळे मला मिळाले. दहा पावलांवर फकीरप्पा होता, त्याला पेलाभर पाणी मिळाले नाही. जबाबदारी मात्र त्यांनी त्याची घेतली होती.