मान वर काढायची नाही

मेतुश काकांनी अख्खा हिवाळा इल्बरला एकही चेंडू पाडू दिला नाही. कोसोवोतल्या जाकोव्हा गावात, त्यांच्या तळघरातल्या पूलच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून क्यू, म्हणजे खेळायची काठी, आत-बाहेर करायचा, काचेला न शिवता. बस, एवढंच.

"काका, नेम कधी शिकवणार?"

"नेम बरा आहे तुझा. आधी नीट वाकायला शीक. मारता मारता असा उठतोस, जसा काही सासरा आलाय."

बघणारे हसले, पण खोड खरी होती. क्यू चेंडूला लागायच्या आतच इल्बरचे खांदे वर यायचे आणि फटका वाकडा जायचा. खोड जाणार तरी कशी? वडीलधारं माणूस दारात आलं की उठायचं, हे तिथल्या पोराला चालायच्या आधी कळतं. त्यात इल्बर शेंडेफळ. थोरले दोघे जर्मनीला गेले. रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्यापाशी राहायचं ते धाकट्याने. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. दिवसभर बापाच्या खोगिरांच्या दुकानात बसायचं, आणि खोगीर घ्यायला आता येतो कोण? दोनदा व्हिसा मागितला, दोनदा नकार आला. पूलच्या संघात निवड झाली तर मात्र संघाच्या व्हिसावर सगळ्यांबरोबर स्पर्धेसाठी ऑस्ट्रियाला जाता येणार होतं. छातीवर बसलेलं ते गाव आठ दिवस तरी उतरलं असतं.

निवडीचा सामना रविवारी दुपारी झाला. शेवटी एकच चेंडू उरला, लांबच्या कोपऱ्याशी. तो पाडला की निवड पक्की. इल्बर वाकला, हनुवटी क्यूला टेकवली. तेवढ्यात दार वाजलं आणि खोकला ऐकू आला. तो खोकला त्याच्या जन्मापासूनच्या ओळखीचा होता.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, मेतुश काकासुद्धा. या तळघरात कधी पाऊल न टाकलेला इल्बरचा बाप, शेफ्केत, पांढरी टोपी घालून दारात उभा होता. इल्बरची पाठ आपोआप उठू पाहत होती. त्याला लाज वाटली, रागही आला. आजच यायचं होतं? तरी तो वाकलेलाच राहिला. बाटलीच्या तोंडातून न्यावा तसा त्याने क्यू पुढे सोडला, आणि चेंडू पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत मान हलवली नाही.

टाळी कुणी वाजवली नाही. सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते. मग इल्बर उठला, सगळ्यांत शेवटी, आणि बापासाठी खुर्ची पुढे केली.

"उशिरा उठलास," बाप म्हणाला.

"हो, बाबा."

म्हातारा बसला. कुणीतरी चहा आणून ठेवला.

"किती दिवस?"

"आठ."

"आणि मग?"

"मग येणारच ना परत. जातोय कुठे मी?"

"थोरलेही असंच म्हणाले होते," म्हातारा म्हणाला आणि चहात साखर ढवळत राहिला. इल्बर खुर्चीशेजारी उभा होता. बापाने बस म्हटल्याशिवाय बसायचं नव्हतं. म्हातारा काही बस म्हणाला नाही.