उलटं फिरणारं चाक

मी एक जुना क्राऊन आहे. मुकुट नव्हे हं मित्रांनो, नावावर जाऊ नका! जीपच्या मागच्या अॅक्सलमध्ये तेलात बुडालेलं दातेरी कडं, तो मी. पिनियन नावाचं छोटं चाक मला फिरवतं आणि मी गाडीची मागची चाकं फिरवतो. आम्ही दोघं जोडीनंच जन्मलो. एकाला बदललं तर दुसऱ्यालाही बदलावं लागतं. असं लग्न माणसांतही विरळाच.

आमचे मालक गाडीला राणी म्हणायचे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ते माणसं आणि औषधं पोचवत. चढ आला की "चल गं राणी" म्हणत. लोक म्हणायचे, "गाडी असावी तर अशी!" ते ऐकून मी तेलातल्या तेलात फुगायचो.

पण आमच्या घरात एक खोड होती. मी जिच्यावर बसवलेला होतो ती डिफरन्शियलची डबी, जे चाक हलकं फिरेल त्यालाच सगळा जोर देऊन टाकायची. एकदा भर ओढ्यात उजवं चाक दगडावर चढून अधांतरी राहिलं. ते गरगर फिरलं आणि चिखलातलं डावं जागचं हललं नाही. मालक चाकाखाली दगड लावायला उतरले. वरून पाण्याचा लोंढा आला. मालक परत गाडीत बसले नाहीत.

मग आली शेड आणि धूळ. इंजिन बंद, तेल निवांत, तरी मला ते मोकळं चाक ऐकू यायचं. मधूनच टायरपाशी दगड ठेवल्याचा आवाज यायचा, खट्. कोणी म्हणेल, लोखंड थंड होताना वाजतं. वाजत असेल. पण वर्षभर?

एके सकाळी मालकांच्या थोरल्या लेकीनं गाडी जॅकवर घेतली. गाडीचं काम ती बापाकडूनच शिकलेली. धाकटी पलीकडच्या वस्तीवर दिलेली, तिचे दिवस भरत आलेले आणि तिकडे दुसरी गाडी जात नव्हती. थोरलीनं उजवं चाक पुढे फिरवलं. डावं मागे फिरलं. दारातली आई किंचाळलीच.

"उलटं फिरतंय बघ! भुताचे पाय उलटे असतात! ह्या गाडीत बसलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

"अगं आई, भूत नाही, जुनं डिफरन्शियल आहे ते. आणि धाकटीला कोण आणणार?"

आई दारातच उभी राहून बघू लागली.

थोरलीनं झाकण उघडलं, तेल काढलं. आत बेअरिंगच्या टोप्यांवर टोकदार पंचानं ठोकलेले ठिपके होते, डावीवर एक, उजवीवर दोन. टोप्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मालकांनीच केलेली ती खूण. तिनं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं मला जुन्या डबीवरून काढलं आणि नव्या लॉकरवर आवळलं. माझ्या-पिनियनच्या दातांत केसभर फट राखली. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकजीव होतात, असा तो लॉकर. तिनं बटण दाबून उजवं चाक पुढे फिरवलं. डावंही पुढेच फिरलं.

आईनं ते दोनदा फिरवून पाहिलं. मग पदर खोचून म्हणाली, "मी पण येते."

ओढा उतरलेला होता. त्याच दगडाशी उजवं चाक उचललं गेलं आणि गरगर फिरू लागलं. मागे खट् वाजलं. थोरलीनं बटण दाबलं. डाव्या चाकानं चिखल धरला आणि आम्ही वर आलो.

मित्रांनो, यंत्राचं तेल बदला, त्याच्यावरच्या खुणा जपा. आणि चढत्या पाण्यात गाडी घालू नका, तिथे कुठलाच लॉकर कामाचा नाही. मला एवढंच सांगायचं होतं.

काठावर आईनं गाडी थांबवायला लावली. काच खाली केली आणि रिकाम्या ओढ्याकडे बघून म्हणाली, "अहो, पुरे आता. दगड नका लावू. निघालो आम्ही."