कोहळ्यावरचा दुसरा घाव

पट्ट्याचा सांधा पुन्हा आला. चामड्याच्या वादीनं शिवलेला, वीतभर लांब, कडेला थोडासा उचललेला… चाकावरून जाताना तो टप् असा वाजायचा, इंजिनापासून जात्यापर्यंत जाऊन परत यायचा, पुन्हा टप्. लिंबाजी मघापासून तेवढंच बघत होता. आपण नजर काढली की पट्टा तिथंच सुटेल असं त्याला वाटत होतं, आणि हे वाटणं शुद्ध वेडेपणाचं आहे हेही त्याला कळत होतं. पण कळून उपयोग काय? दारात जोंधळ्याच्या टोपल्या घेऊन बायका ताटकळल्या होत्या आणि गिरणीचा मालक पट्ट्याकडे डोळे लावून उभा होता. त्यांनी काय समजायचं ते समजो.

ताडकळसात आलेलं हे पहिलंच इंजिन. पूर्णा स्टेशनावरून ते बैलगाडीनं आणलं तेव्हा वाटेतल्या ओढ्यात चाकं रुतली, आणि अर्ध्या गावानं खांदा लावून गाडी वर काढली. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं होत आली होती. परभणीच्या एका सभेत लिंबाजीनं ऐकलं होतं, की आपल्या जिल्ह्यात कापूस, करडई, भुईमूग सगळं पिकतं आणि सगळं कच्चंच रेल्वेत चढतं. कापड होऊन, तेल होऊन परत येतं ते आपणच विकत घेतो. ते वाक्य त्याच्या डोक्यात असं काही बसलं, की जमीनजुमला नीट असलेल्या घरातला हा माणूस एकदम यंत्रांची स्वप्नं बघू लागला. आधी पिठाची गिरणी, मग त्याच इंजिनावर तेलाचा घाणा, मग सरकी काढायचं यंत्र. आज परभणीहून उद्योग खात्याचे साहेब गिरणी बघायला यायचे होते. त्यांच्या मनाला आलं तर घाण्याचं काम पुढं सरकणार होतं. आज तरी इंजिनानं नीट चालावं… आज तरी काही होऊ नये.

काही म्हणजे काय, हे तो मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. पण सुरुवात कुठून झाली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खंडेनवमीला इंजिनाची पूजा. झेंडूच्या माळा, कुंकवाचे पट्टे, पुढं गाव गोळा झालेलं. असल्या कामाला बकरं लागतं असं लोकांचं म्हणणं. पण लिंबाजीचे वडील अण्णा पक्के माळकरी. ते म्हणाले, “माझ्या दारात रगत सांडायचं न्हाई. कोहळा फोड.” कोहळा चालतो, कोहळ्याला नाव ठेवायला जागा नाही, फक्त तो एका घावात फुटला पाहिजे, नाहीतर मान पोचला नाही असं धरतात. लिंबाजीनं कोयता उचलला. कोहळ्यावरच्या पांढऱ्या भुकटीवरून पातं सटकलं, सालीचा एक टवका निघाला, आणि कोहळा गडगडत इंजिनाच्या चाकाखाली गेला. लिंबाजीनं वाकून, हात आत घालून तो बाहेर काढला आणि दुसऱ्या घावात फोडला. आत भरलेलं कुंकू सांडलं. लोकांनी गूळखोबरं घेतलं, इंजिन चांगलं आहे म्हणाले, घरी गेले. कुणी हसलं असतं, कुणी टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण म्हाताऱ्या केशरबाईनं तोंडाला पदर लावला तो मी बघितला ना… मी वाकलो होतो तेव्हाच बघितला.

तेव्हापासून ही भीती. भीती तशी त्याला नवी नव्हती. रझाकारांच्या वेळी सगळं घर कडब्याच्या गंजीत लपून राहिलं होतं. धाकट्या बहिणीच्या तोंडावर आईनं हात दाबून धरला होता. पण ती भीती रस्त्यावरून यायची. धूळ दिसली की लपायचं, धूळ बसली की बाहेर यायचं. ही घरात आणून, माळ घालून बसवलेली भीती. हिला लपायचं कुठं?

“लिंबाजी,” दारातून केशरबाईच म्हणाली. गल्लीतली म्हातारी, दळण असो नसो, तिची फेरी ठरलेली. “आज लय आवाज करायलंय रे तुझं इंजिन.”

“नवं हाय, मावशी. बसायचंय अजून.”

“बसंल की. मानपान झाल्याबिगर बसतंय व्हय.” टोपली सरकवत ती सहज बोलली. जिंतूरकडच्या रस्त्यावरच्या पुलानं एक गवंडी घेतला, माळावरच्या विहिरीनं खणणाऱ्याच्या मेहुण्याला घेतलं, हे ती दळणाच्या रांगेत कुणाला ना कुणाला सांगतच असे. मध्यंतरी एक कोंबडी दाणे टिपत टिपत पट्ट्यात गेली. लिंबाजीला त्या दिवशी हायसं वाटलं होतं, लाज वाटावी इतकं हायसं, चला, सुटलो. केशरबाईनं पिसं बघितली आणि मान हलवली. “ती आपल्या पायानं गेली. दिलेली न्हवती,” ती म्हणाली. म्हातारी या बाबतीतला कायदा कुठं शिकली होती कोण जाणे, पण लिंबाजीची त्या दिवसापासून पुन्हा झोप उडाली.

“मालक, बाजूला व्हा वाईच.” मुंजाजी राळेचा खडा घेऊन आला. हा इंजिन चालवणारा. मानवतच्या कापसाच्या कारखान्यात काम केलेला, काटक, अंगानं तेलकट, तोंडानं अबोल. पट्टा घसरायला लागला की तो राळेचा खडा धावत्या पट्ट्यावर उघड्या हातानं दाबून धरायचा. धूर निघायचा, जळका वास यायचा, आणि पट्टा चाकाला धरून बसायचा. सगळीकडे असंच करतात. लिंबाजी त्याच्या हाताकडे बघत होता. हाताकडे, मग गळ्यातल्या उपरण्याकडे, उपरण्याचं टोक पट्ट्यापासून किती लांब आहे तिकडे… ते टोक वाऱ्यानं उडत होतं. ‘उपरणं काढून ठेव’ एवढं म्हणायला काय लागत होतं? तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मुंजाजीचं काम झालं, तो मागं सरला, आणि लिंबाजीनं कोंडलेला श्वास सोडला. गेली वेळ. अशी दिवसातून कितीदा जायची.

दुपारी कमलबाई भाकरी घेऊन आली. लिंबाजीची बायको, तिचे दिवस भरत आले होते आणि ती चालताना एक हात कमरेवर ठेवत असे. तिला दारात बघताच लिंबाजी लगबगीनं पुढं झाला.

“तू कशाला आलीस? मुंजाजी आला असता की भाकरीला.”

“धोतर आणलंय. साहेब यायलेत ना? अंगावरचं झाडलं तर दोन भाकरी होतील, एवढं पीठ हाय त्याच्यावर.” ती हसत आत आली, आणि चाकाच्या वाऱ्यानं तिचा पदर खांद्यावरून उचलला. उचलला इतकंच, पट्टा तिथून चांगला हातभर लांब होता.

लिंबाजी ओरडला. काय ओरडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बायका वळून बघायला लागल्या, मुंजाजीनं इंजिनाकडे हात नेला. कमलबाई पदर सावरून जागच्या जागी उभी होती.

“अवो, इंजिन हाय ते,” ती हलकेच म्हणाली. “वाघ हाय का खायला?”

त्यानं भाकरी घेतली, धोतर घेतलं, तिला उंबऱ्याबाहेर केलं. पुन्हा यायचं नाही, बाळंत झाल्यावरसुद्धा नाही, पोराला घेऊन तर मुळीच नाही… पोराला घेऊन. हा विचार आला तसा त्यानं तो धक्का मारून बाहेर काढला. पण येऊन गेलेल्या विचाराचं काय करतात? आतमध्ये त्याची बसायची जागा झालेलीच असते. खाटेवर बसून तो कोरडे घास गिळत राहिला. इंजिन विकून टाकावं. साहेबाला सांगावं, नको घाणा, नको काही. मग गाव म्हणणार, लिंबाजी भ्याला. कुणाला भ्याला? कोहळ्याला. परभणीच्या सभेत टाळ्या वाजवणारा लिंबाजी कोहळ्याला भ्याला.

ऊन कललं तशी जीप आली. साहेब तरुण होते, हैदराबादेत शिकलेले, बोलणं गोड. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, पीठ चिमटीत घेऊन बघितलं, जागा बघितली, मागची मोकळी पडवी बघितली.

“वा, तबियत खूश झाली. किती घोड्यांचं आहे?”

“अठरा घोड्यांचं, साहेब.”

“मग घाणा आरामात ओढेल. भुईमूग इथलाच, करडई इथलीच, बाजार दारात. अशी माणसं जिल्ह्यात दहा जरी निघाली ना, तरी आमचं काम सोपं होईल. मी वर शिफारस करतो तुमची.” मग ते पट्ट्यापाशी थांबले. “इथं जाळी का नाही?”

“जाळी?”

“लोखंडी जाळी. पट्ट्याला आडोसा. कुणी सापडेल एखाद वेळी. गावातला लोहारही करून देईल.”

लिंबाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. जाळी. पूजेपासून या इंजिनापाशी तो रात्रंदिवस जीव मुठीत धरून उभा होता, पट्ट्याचा एक एक फेर त्यानं डोळ्यांनी मोजला होता, आणि जाळी त्याच्या मनात एकदाही आली नव्हती. एवढी साधी गोष्ट. का नाही आली? बाकी सगळं सुचलं. कुणाला कुठं उभं करायचं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही, सगळं सुचलं.

“आणि इंजिन चालवतो तो हा? घरी कोण असतं याच्या? काही कमीजास्त झालं तर कुणाला कळवायचं, ते ठाऊक असावं.”

“कोणी नाही, साहेब,” लिंबाजी चटकन म्हणाला. “आई नाही, बाप नाही, बायको नाही. मागं कोणीच नाही त्याच्या.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. त्या आवाजात समाधान होतं. बैल निरोगी आहे, दाताला पक्का आहे, असं गिऱ्हाइकाला सांगताना असतं तसलं समाधान. साहेबांना ते जाणवलं नसावं. ते मान डोलावून जीपकडे वळले. पण लिंबाजीचे पाय तिथंच राहिले. दसऱ्याच्या आधी तिघंजण कामाला विचारायला आले होते. त्यातला एक मुंजाजीपेक्षा हुशार होता, इंजिन सगळं सुटं करून पुन्हा जोडणारा. पण त्याला बायको होती, लेकरं होती. मी त्याला नको म्हणालो. एकटा माणूस बरा, गिरणीतच झोपेल, सणावाराला रजा मागणार नाही, असं मी अण्णांना सांगितलं, कमलबाईला सांगितलं, आणि मलाही ते खरं वाटलं. तेव्हा तर कोहळा फुटलासुद्धा नव्हता… तेव्हापासूनच?

जीप गेली. धुरळा बसला. मुंजाजी चिंधीला हात पुसत जवळ आला आणि उगाच घुटमळला.

“मालक, तुमी साहेबाला म्हणलाव, कुनी न्हाई म्हणून.”

“मग? हाय का कुनी?”

“न्हवतं.” तो खाली बघून हसला. हसताना तो पोरगेला दिसत होता. लिंबाजीनं त्याला आजवर हसताना पाहिलंच नव्हतं. “आता व्हायलंय. पाथरीकडं लांबचा मामा हाय माझा, त्यानं जमवलं. कडूबाई नाव हाय तिचं. माघात लगीन करू म्हणायलेत. वयनीला सांगितलं मी. त्या म्हणल्या, मागली खोली सारवून देते, हितंच ऱ्हावा दोघं.”

“बरं झालं,” लिंबाजी म्हणाला. “लय बरं झालं.”

आणि हे म्हणत असतानाच, त्याच श्वासात, आतून कुणीतरी शांतपणे म्हणालं: म्हणजे आता दुसरा माणूस बघायला पाहिजे.

मुंजाजी अजून बोलत होता. मुलगी कामाला वाघीण आहे, मामा माणूस बरा आहे, असलं काहीतरी. लिंबाजी मान हलवत होता. त्याला म्हणायचं होतं, बंद कर इंजिन. आत्ता बंद कर, लोहाराकडे जा, जाळी होईपर्यंत हात लावू नकोस. बायका टोपल्या पुढं सरकवत होत्या. मुंजाजी पट्ट्याकडे गेला, जाताना उपरणं सारखं करत गेला.

लिंबाजी दारात उभा राहिला आणि गावाकडे बघू लागला. त्यानं ठरवलं नव्हतं. मन आपोआप वेशीपासून निघालं आणि घरं घेऊ लागलं. सटवाजी काम मागत होता. पण त्याची म्हातारी आई आहे, तिचं कोण करणार? व्यंकटीची बहीण नांदायला जात नाही, त्याच्याच जिवावर असते. वैजीनाथची बायको गेली, पण दोन पोरी आहेत. नको, पुरे, त्यानं मनाला म्हटलं. मन पुढच्या दाराशी गेलेलं होतं. देवळामागचा बन्सीधर. त्याला एक भाऊ आहे. पण भावाभावांचं बोलणं नाही, येणंजाणं नाही, कुणी मेलं तरी तो भाऊ फिरकायचा नाही… इथं त्याचं मन जरा रेंगाळलं, आणि ते रेंगाळलं हे कळताच लिंबाजीनं दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.